दाराआड लपलेली बिजागरी आणि आबाजींच्या खाचा

(या भागातलं बोलणं थोडं नीटनेटकं करून इथे लिहिलं आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं आवडत असेल, तर हे तुमच्यासाठी.)

आजचा भाग बिजागरीवर आहे. हो, दाराच्या बिजागरीवर. मागच्या भागानंतर एका मित्राने विचारलं, "आता पुढे काय, खिळ्यावर बोलणार का?" खिळ्यावरही बोलेन कधीतरी. पण आधी बिजागरी, कारण तिच्यापायी मागच्या दिवाळीत मी घरातली एक वस्तू कायमची बिघडवून ठेवली. अनडू नाही, बॅकअप नाही. ती गोष्ट सांगायची, तर दार फिरतं कसं याचा इतिहास सांगावाच लागतो.

माझं घर इटियाडोहजवळ. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झालं. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात होतो. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पावसाळ्यात धरण भरलं की सांडव्यावरून पडणारं पाणी बघायला लोक गाड्या काढून येतात. त्यातल्या कुणाचा तरी रील तुम्हीही स्क्रोल केला असेल. आजूबाजूला धान आणि जंगल. जंगल म्हटलं की आमच्याकडे साग.

सागाबद्दल आमच्या पट्ट्याला थोडा गर्व आहे, आणि तो उगाच नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान गेलं ते नागपूरहून. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये लाकूड निघालं ते बल्लारपूरच्या वन विकास महामंडळाच्या डेपोतून. म्हणजे देशातली दोन सगळ्यात चर्चेतली बांधकामं, आणि दोन्हींत विदर्भाचा साग.

आमच्या घरीही सागाचं एक दार होतं. आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, जुन्या मातीच्या घराचं. दोन पल्ले, प्रत्येक पस्तीस मिलीमीटर जाड. घर पाडून स्लॅबचं झालं तेव्हा बाबांनी ते पल्ले गोठ्यात आडवे ठेवून दिले. "टाकू नका, कामी येतील," एवढंच म्हणाले. मागच्या वर्षी आई म्हणाली, "आतल्या खोलीत त्या दोन खांबांच्या मधात कपाट करू, अन् त्याले हेच पल्ले लावू." मी पुण्याहून दिवाळीला घरी आलेलो. युट्यूबवर व्हिडिओ बघितलेले. म्हटलं, मी करतो.

थांबा. इथे जरा मागे जाऊ. बरंच मागे.

खुंटावर फिरणारं दार

त्या जुन्या पल्ल्यांना बिजागरी नव्हतीच. पल्ल्याच्या एका कडेचं लाकूड वर आणि खाली थोडं लांब ठेवून गोल तासलेलं असे. तो झाला खुंट. खालचा खुंट उंबरठ्याजवळच्या खळग्यात बसायचा, वरचा चौकटीतल्या भोकात. घरातलं जातं आठवा: मधे खुंटा, त्याभोवती पाळी फिरते. दाराचंही तेच, फक्त ते उभं. करकरायला लागलं की गाडीच्या आसासारखं थोडं तेल सोडायचं.

गडकिल्ल्यांवर फिरायला गेलात तर दरवाजाच्या आत, कडेला, दगडात कोरलेले गोल खळगे बघा. पोरं त्यात पाय घालून फोटो काढतात. दाराचा खुंट त्यातच फिरायचा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा सगळ्यांनी पाहिलाय. वाड्याचा पाया १७३० साली घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि लाकूड आलं जुन्नरच्या जंगलातून. साग. त्या दरवाजावर हत्तीला डोकं लावता येऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. अशी अजस्र दारं रोज सताड उघडणं शक्य नसतं, म्हणून पल्ल्यात एक छोटी दिंडी ठेवतात, वाकून जायची.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पुढे तिचं काम आहे. खुंटाच्या दारात पल्ला कितीही जाड असला तरी अडत नाही. फिरण्याचा अक्ष पल्ल्याच्या अगदी कडेला असतो, आणि पल्ला चौकटीच्या आतल्या बाजूला बसतो. उघडला की भिंतीच्या जाडीत जाऊन पडतो. जाडी आणि उघडणं यांचं भांडण तिथे नाहीच.

लोखंड आलं, आणि बिजागरी दिसायला लागली

लोखंडाच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या लोहार फार आधीपासून करत होते. पण आपण आज जी साधी बिजागरी म्हणतो, दोन पानं आणि मधे खिळ, ती स्वस्त झाली कारखान्यांमुळे. १७७५ साली इंग्लंडमध्ये ओतीव लोखंडाच्या बिजागरीचं पेटंट निघालं. एका साच्यातून हजारो निघायला लागल्या, आणि हळूहळू त्या जगभर गेल्या. खुंटाचा पल्ला बसवायचा तर चौकट उभी करतानाच बसवावा लागतो. बिजागरीचा पल्ला चौकट उभी झाल्यावर आठ स्क्रूंनी लावता येतो आणि काढताही येतो. प्लग-अँड-प्ले म्हणा हवं तर.

पण साध्या बिजागरीची एक अडचण आहे. दाराभोवती जाड पट्टी असेल किंवा भिंत पुढे आलेली असेल, तर पल्ला नव्वद अंशांच्या पुढे जाऊन त्या पट्टीला टेकतो. पूर्ण मागे पडत नाही. त्यावर उपाय निघाला पार्लमेंट बिजागरीचा. इंग्रजी एच अक्षरासारखा आकार, पानं रुंद, आणि मधली खिळ दारापासून बरीच बाहेर. अक्ष बाहेर काढला की पल्ला अडथळ्याला वळसा घालून पार भिंतीला जाऊन लागतो. आपल्याकडे ती इतकी रुळली की भारतीय मानकांत तिचा स्वतंत्र क्रमांक आहे, आयएस ३६२. साध्या पोलादी बिजागरीचा आयएस १३४१. जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या, शाळांच्या खिडक्या बघा. पूर्ण उघडून भिंतीला चिकटलेल्या दिसतील.

म्हणजे "जाड पल्ला आणि पूर्ण उघडणारं दार" हा प्रश्न सुटला होता. किंमत एकच: बिजागरी बाहेर दिसणार. नुसती दिसणार नाही, नाक वर करून दिसणार.

मग ती लपवावी असं कुणाला का वाटलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जोसेफ सॉस यांनी दाराच्या जाडीत पूर्ण गडप होणारी बिजागरी काढली. सुंदर वस्तू, पण महाग, आणि बसवायला हात कसलेला पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात आज जी आहे, ती वेगळ्या रस्त्याने आली. तो रस्ता युद्धातून जातो.

भुशाची फळी आणि वाटीची बिजागरी

जर्मनीत माक्स हिमेलहेबर नावाचे एक इंजिनिअर होते. झाडाचं निम्मंअधिक लाकूड ढलप्या आणि भुशात वाया जातं, हे त्यांना खुपायचं. १९३०च्या दशकात त्यांनी त्या ढलप्या डिंकात दाबून फळी करायची पद्धत शोधली. आपण तिला पार्टिकल बोर्ड म्हणतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपातली शहरं पडलेली, लाखो लोक बेघर, घरं भराभर बांधायची आणि चांगलं लाकूड मिळत नाही. भुशाच्या फळीला अशी गिऱ्हाइकी कधीच मिळाली नसती.

त्याआधी, १९२६ साली, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं होतं. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. ओट्याखाली आणि ओट्यावर जोडून कपाटं, सगळं हाताशी. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची ती पणजी.

आता हे दोन्ही एकत्र आणा. एकमेकांना चिकटून उभी कपाटं, आणि त्यांना भुशाच्या फळीची दारं. दोन भानगडी झाल्या. पहिली: साधी बिजागरी फळीच्या कडेत स्क्रू मागते, आणि भुशाच्या फळीची कड म्हणजे खारी बिस्किट. स्क्रू धरतच नाही. दुसरी: शेजारी शेजारी दारं असताना एकाने उघडताना दुसऱ्याच्या हद्दीत शिरून चालणार नाही.

उत्तर निघालं वाटीचं. दाराच्या कडेत स्क्रू मारण्याऐवजी मागच्या अंगाला ३५ मिलीमीटर व्यासाचं, बारा-तेरा मिलीमीटर खोल गोल भोक पाडायचं आणि त्यात धातूची वाटी बसवायची. भार कडेवर न येता फळीच्या अंगावर पसरतो. वाटीतून एक हात निघतो, तो कपाटाच्या बाजूच्या फळीवरच्या प्लेटला धरतो. बंद केलं की सगळं आत. बाहेरून काहीच दिसत नाही.

या बिजागऱ्या करणाऱ्या कंपन्यांचा इतिहास मला फार आवडतो. हेटिखची सुरुवात १८८८ सालची; जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये कार्ल हेटिख घड्याळाचे सुटे भाग वाकवायचं यंत्र करत होते. ऑस्ट्रियात युलियस ब्लूम यांनी १९५२ साली धंदा सुरू केला तो घोड्याच्या नालांना लावायच्या टोच्यांचा. इटलीतली सालिचे १९२६ सालची. घड्याळ, नाल, आणि मग बिजागरी. धातू नेमक्या जागी वाकवायची सवय एकदा लागली की वस्तू बदलली तरी चालतं. आपल्यापैकी अर्धे लोक मेकॅनिकल करून कोड लिहितात, त्यातलाच प्रकार.

याच काळात जर्मनीत ३२ मिलीमीटरची पद्धत रुळली. कपाटाच्या बाजूच्या फळीवर, पुढच्या कडेपासून ३७ मिलीमीटर आत, ५ मिलीमीटरची भोकं, एकमेकांपासून ३२ मिलीमीटरवर. बत्तीसच का? कारण एका वेळी अनेक भोकं पाडणाऱ्या यंत्रात दात्यांची चाकं त्याहून जवळ बसवणं तेव्हा जमत नव्हतं. यंत्राची मर्यादा होती, ती जगाचं स्टँडर्ड झाली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही.

भारतात हे मोठ्या प्रमाणावर आलं १९९१ नंतर, बाजार उघडल्यावर. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले, भरीव लाकूड आणखी दुर्मीळ झालं, आणि प्लायवूड, एमडीएफ यांचं राज्य आलं. सुतारांच्या तोंडी नवे शब्द आले: ऑटो हिंज, सॉफ्ट क्लोज, झिरो क्रँक, आठ क्रँक, सोळा क्रँक. पल्ला बाजूची फळी पूर्ण झाकतो तेव्हा झिरो, अर्धी झाकतो तेव्हा आठ, आत बसतो तेव्हा सोळा.

मग जाड पल्ल्याला काय होतं?

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचं पायथागोरस पुरे.

लपलेली बिजागरी म्हणजे फिरण्याचा अक्ष पल्ल्याच्या मागे, कडेपासून आत. समजा अक्ष कडेपासून २० मिलीमीटर आत आहे आणि जागेवरून हलत नाही. पल्ला १८ मिलीमीटर जाड. अक्षापासून पल्ल्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत अंतर काढा: वीसचा वर्ग अधिक अठराचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. साधारण २७. म्हणजे फिरताना तो कोपरा कडेच्या रेषेबाहेर ७ मिलीमीटर जाणार. आता जाडी ३५ घ्या. वर्गमूळ येतं ४०. कोपरा २० मिलीमीटर बाहेर! जाडी दुप्पट झाली, पण लागणारी जागा जवळपास तिप्पट.

खरी बिजागरी इतकी ठोंबी नसते. तिच्यात एक अक्ष नसतोच. चार दांड्यांचा सांधा असतो, जेम्स वॉटने १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी वापरला त्याच कुळातला. पल्ला फिरतो तसा त्याचा अक्षही सरकत जातो. आधी पल्ला पुढे येतो, थोडा बाजूला होतो, मग वळतो. म्हणून १८ मिलीमीटरच्या शटरला एक-दोन मिलीमीटरची फट पुरते. पण ही सरकण्याची सोय ठरावीक जाडीसाठी केलेली असते. त्यापुढे जाडी वाढली की ते पायथागोरसचं भूत परत येतं.

आणि पूर्ण उघडणाऱ्या, १६५-१७० अंशांच्या बिजागरीत दांड्या आणखी जास्त. आतला ड्रॉवर बाहेर काढताना पल्ला मधे येऊ नये म्हणून ती पल्ल्याला पार बाजूला नेते. छान सोय. पण सर्वसाधारण गोष्ट अशी, की जाड पल्ल्यांसाठी केलेल्या बऱ्याच बिजागऱ्या ९५ अंशांच्या आसपासच उघडतात, आणि खूप उघडणाऱ्या बऱ्याच बिजागऱ्या पातळ पल्ला धरून केलेल्या असतात. दोन्ही एकदम हवं असेल, तर बिजागरीसोबतच्या कागदावरचा तक्ता वाचावा लागतो: पल्ल्याची जाडी इतकी, वाटी कडेपासून इतकी, तर शेजारी फट किमान इतकी.

मी तो कागद वाचला नाही. मंडळी, ऑफिसात दिवसभर ज्युनिअर पोरांना "आधी डॉक्युमेंटेशन वाच" सांगणारा माणूस मी.

तीन भोकं

१६५ अंशांच्या बिजागऱ्या ऑनलाइन मागवल्या. कपाटाचा सांगाडा तयार होता, दोन खांबांच्या मधे घट्ट. पल्ल्याची उंची १९०० मिलीमीटर, तीन बिजागऱ्या पुरतील असं वाटलं. पहिला पल्ला पालथा घातला. मागच्या अंगावर वर्षानुवर्षांचा चुना, धूर, मळ. खिळीच्या कडेने काही ओरखडे दिसत होते. जुनं लाकूड, ओरखडे असणारच. भाड्याने आणलेलं ड्रिल, ३५ चा बिट, तीन वाट्यांची तीन भोकं. एकदम स्वच्छ निघाली. मी फोटोही काढला.

पल्ला लावला. खांबाकडे फट ठेवली दोन मिलीमीटर. उघडायला गेलो, तर तीसेक अंशांवर पुढचा कोपरा खांबात रुतला. मला वाटलं बिजागरी नवी आहे, जड जाते. जरा जोर लावला. मधल्या वाटीचे स्क्रू सागाची ढलपी घेऊन बाहेर आले.

आवाज ऐकून आई आली. तिने पल्ल्याकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, पदराने मळ पुसला आणि म्हणाली, "अरे, ह्या तर तुझ्या आबाजीच्या खाचा."

ओरखडे नव्हते ते. आबाजी शाळेत गेले नव्हते. दरवर्षी धान घरात आलं की ते दाराच्या मागे, खुंटाच्या बाजूला, विळ्याने एक खाच पाडायचे. चांगलं पिकलं तर लांब, कमी पिकलं तर आखूड. दार उघडलं की ती बाजू भिंतीकडे जायची, म्हणून बाहेरच्या कुणाला दिसायची नाही. धरणाचं पाणी येण्याआधीची वर्षं, १९७२ च्या दुष्काळाचं वर्ष, कालव्याचं पाणी मिळायला लागल्यानंतरची वर्षं, सगळं त्या एका कडेवर होतं. मी त्यातल्या दोन खाचा उडवल्या होत्या. कोणत्या दोन सालांच्या, ते सांगू शकणारा माणूस आता नाही.

मी या पॉडकास्टवर दर पंधरा दिवसांनी तुम्हाला इतिहास सांगतो. शिलालेख, ताम्रपट, बखरी. आणि माझ्या घरातल्या दस्तऐवजाला मी ड्रिल लावलं. त्या रात्री फारसं जेवण गेलं नाही.

वाढईकाका

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. दुसऱ्या दिवशी गावातल्या वाढईकाकांना बोलावलं. सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी पल्ला उचलून वजन पाहिलं. मग माझ्या तीन बिजागऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाले, "बापू, हा पल्ला वीस किलोच्या वर हाय. तीन बिजागऱ्या त्याले झेपतीन का?"

नंतर हिशेब केला. १९०० गुणिले ५०० गुणिले ३५ मिलीमीटर, सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो. येतात साडेएकवीस किलो. इतक्या वजनाला चार-पाच बिजागऱ्या लागतात. काकांनी हाताने जे सांगितलं, ते कॅल्क्युलेटरने पंधरा मिनिटांनी सांगितलं.

मग ते जाडीकडे वळले. उपाय तीन, म्हणाले. एक: पुढचा कोपरा रंध्याने गोल करा. कोपराच अडतो, तो काढला की फट कमी लागते. पण पस्तीसच्या जाडीला एवढ्याने भागणार नाही. दोन: मागच्या अंगाने, बिजागरीच्या बाजूला, साधारण ९० मिलीमीटर रुंदीची पट्टी तासून वीसच्या जाडीवर आणा. बिजागरीला वाटतं पल्ला पातळ आहे. समोरून बघणाऱ्याला पूर्ण जाड दिसतो. बाकीचा जाड भाग कपाटात थोडा आत जातो, म्हणून आतल्या फळ्या तेवढ्या मागे घ्यायच्या. सगळ्यात चांगला उपाय हाच.

फक्त तासायची ती पट्टी म्हणजे नेमकी खाचांची जागा.

काकांनी रंधा खाली ठेवला. "हे मी नाही तासणार," म्हणाले. मी पार्लमेंट बिजागरीचं सुचवलं. तीही चालली असती, पण तिची पानं मागच्या कडेवरच, म्हणजे पुन्हा खाचांवरच आली असती.

तिसरा उपाय त्यांनी थोडा विचार करून सांगितला. पल्ल्याला हातच लावायचा नाही. बिजागरीच्या बाजूला नव्या सागाची ९० रुंद, २० जाड पट्टी जोडायची, समोरून एका पातळीत. जुन्या पल्ल्याच्या कडेत खाच, नव्या पट्टीला जीभ, मधे सरस. कड तर दिसतच नाही, आणि मागच्या अंगाला धक्का नाही. बिजागऱ्या नव्या पट्टीत बसतील. पल्ले दोन्हीकडून रुंद होतात, म्हणून कपाट खांबांच्या मधून काढून लांबच्या भिंतीला न्यावं लागलं. सांगाडा पुन्हा केला. खर्च जवळजवळ दुप्पट.

तुम्हाला कधी असं काम करायचं असेल, तर आम्ही काय केलं ते थोडक्यात ऐका. वाटीचं केंद्र कडेपासून २२ मिलीमीटर, म्हणजे वाटीची कड आणि पल्ल्याची कड यांत साडेचार मिलीमीटर लाकूड राहतं. बिटच्या दांड्याला टेप गुंडाळली, तेरा मिलीमीटरची खूण म्हणून. भोक पाडायच्या आधी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर एक बिजागरी लावून पाहिली, पूर्ण उघडून, फट मोजून. स्क्रूच्या जागी आधी बारीक भोकं पाडली, नाहीतर साग कडेला चिरतो. पल्ल्याला पाच बिजागऱ्या. वरच्या दोन जवळजवळ, कारण ओढ वर जास्त असते. लावल्यावर आधी उंची जुळवली, मग बाजू, शेवटी आत-बाहेर. आणि हो, कागदावरचा तक्ता यावेळी दोनदा वाचला.

पल्ला आता पूर्ण उघडतो. एका बोटाने. बंद करताना शेवटच्या टप्प्यात आपोआप हळू होतो, आणि आईला ते अजून खरं वाटत नाही. ती मुद्दाम सोडून बघते.

माझी ती तीन भोकं तशीच राहिली होती. काकांनी सागाचे गोल डाट तासून त्यात बसवले, वरून रंधा फिरवला नाही, हाताने पॉलिश पेपर घासला. मग विळा हातात घेऊन विचारलं, "त्या दोन खाचा परत पाडून देऊ का? कुणाले कळणार नाही."

मी आईकडे पाहिलं. ती नाही म्हणाली. "त्या आबाजीनं पाडल्या होत्या," एवढंच.

म्हणून ते डाट तसेच आहेत. गोल, थोडे फिकट रंगाचे. कपाट उघडलं की आतल्या बाजूला वरून खाली खाचांची रांग दिसते आणि मधे दोन ठिकाणी तुटते. परत पुण्याला यायच्या आधी मी त्या सगळ्या मोजल्या, प्रत्येकीची लांबी मिलीमीटरमध्ये घेतली, फोटो काढले आणि एका शीटमध्ये भरले. दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.

तुमच्याही घरात असं एखादं दार, पाट, कोठीचं झाकण असेल, तर ड्रिल लावायच्या आधी ओला फडका फिरवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पंधरा दिवसांनी भेटू.